दीड वाजताचा सामना

एक वाजून गेलाय आणि आमचा राइट बॅक अजून शिरोलीत आहे. एमआयडीसीत, फौंड्रीत. हाफ डे कालच मंजूर झालाय, पण गेटपासवर सही करणारे साहेब जेवायला गेलेत. मामा फोन कानाला लावून रावणेश्वराच्या देवळासमोर येरझाऱ्या घालताहेत.

"निघालास का रं?"

पलीकडचं मला ऐकू येत नाही. मामांचं तोंड बघून कळतं.

"किक माराय लागलास म्हणजे अजून तिथंच हाईस की मर्दा!"

मामा म्हणजे संघाचे कोच. संघातल्या एकाचे ते सख्खे मामा आहेत, त्यामुळं सगळ्यांचेच मामा. एसटीतून रिटायर झालेत. कोचिंगचं लायसन्स वगैरे त्यांच्याकडं काही नाही. तरुणपणी लेफ्ट आउट खेळायचे, त्याची खूण म्हणून डावा गुडघा पूर्ण वाकत नाही. खेळाडूंची यादी हातात आहे, ती टेबलावर द्यायची वेळ झालीय, आणि तिच्यात दोन नंबरच्या पुढं शिरोलीतल्या पोराचंच नाव आहे. बदलायचं तर आत्ता. मामा बदलत नाहीत.

"उजवीकडं दुसरं हाय कोण?" ते मला विचारतात. उत्तर दोघांनाही माहीत आहे. आहे एक, पण त्याची आज बारावीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल आहे.

राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगामात दिवसाला बहुधा दोन सामने होतात. एक भर दुपारी, एक चारला. चारच्या सामन्याला गॅलरी भरते, हलगी येते, पोलिसांची गाडी येते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. दीडच्या सामन्याला ऊन येतं. फेब्रुवारीचं असलं तरी कोल्हापूरचं. गवत मधल्या पट्ट्यात करपलंय, गोलपोस्टसमोर तर नुसती माती. गॅलरीत सावली पडलीय तेवढ्या पायऱ्यांवर माणसं बसलीत: पेन्शनर, शाळा बुडवलेली पोरं, दोन्ही तालमींचे हक्काचे पंचवीस-तीस जण, आणि आमच्या गोलकीपरची आई. काकी एकही सामना चुकवत नाहीत आणि एकही सामना धड बघत नाहीत. बॉल आमच्या डीत आला की पदर तोंडावर घेतात. पोरगं गोल खाताना त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. त्या बाबतीत त्या गॅलरीतल्या सगळ्यांत सुखी बाई.

आमच्या तालमीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळी चहाच्या टपरीवर, "आमचं नाव न्हाई घातलंस ते?" असं शेजारची तालीम विचारणार, आणि दोघांची घातली तर कुणाचं आधी घातलं यावरून हंगामभर पुरेल एवढं भांडण होणार.

मुळात हा सगळा कारभार तालमींचाच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. परगावच्या माणसानं सामन्यांचं वेळापत्रक वाचलं तर त्याला वाटावं खासबागेत कुस्त्या आहेत. खासबाग इथून हाकेच्या अंतरावर आहे, शाहू महाराजांनी बांधलेलं, आणि तालमींची ही नावं त्याच मातीतली. पोरं आखाड्यात उतरायची कमी झाली, पण तालमीत जमायची थांबली नाहीत. कट्टा तोच, मारुती तोच, गणपती तोच. अंगाला माती लावण्याऐवजी पायात बूट आले. सरावाला गांधी मैदान आहे, पेटाळ्याचं मैदान आहे. सामने इथं. आणि सामने भरवते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० सालची संस्था, जिला पूर्ण नावानं कुणीच हाक मारत नाही. केएसए.

केएसएची वरिष्ठ गटाची लीग सोळा संघांची. त्यातले वरचे आठ सुपर सीनियर, खालचे आठ सीनियर. गटातल्या प्रत्येकाशी एकदाच खेळायचं, म्हणजे सात सामने. आमचा पत्ता खालच्या आठात. त्याच्याही खाली ए डिव्हिजन आहे आणि तिथून पुढं इंग्रजी बाराखडी सुरू होते. देशाच्या फुटबॉलचा नकाशा काढायचा म्हटलं तर वर आयएसएल, मग तिच्याखालच्या राष्ट्रीय लीगा, मग राज्यांच्या लीगा, आणि त्यानंतर कुठंतरी जिल्हा. त्या जिल्ह्यातल्या पहिल्या आठांत नसलेला एक संघ म्हणजे आम्ही. पण पेठेत हा नकाशा कुणी बघत नाही. पेठेचा नकाशा साधा आहे: वरच्या आठात गेलं तर मिरवणूक, खालच्या आठात राहिलं तर गप्प राहायचं, ए डिव्हिजनला गेलं तर वर्षभर बोळ बदलून घरी जायचं.

एक सत्तावीस. मोटरसायकल गेटात घुसते. पोरगं हेल्मेट काढत नाही, आधी पँट काढतं. आत शॉर्ट घातलेलीच आहे. हातांवर मोल्डिंगची काळी वाळू, नखांत ती, कानामागं ती. वॉर्मअप नाही. मामा शिवी देतात आणि त्याच दमात पाण्याची बाटली देतात. पंच शिट्टी तोंडात धरून आमच्याकडं बघताहेत. नाणेफेक होईपर्यंत त्याच्या एका बुटाची लेस बांधून झालीय. दुसरी तो समोरच्या संघाचा किक-ऑफ चालू असताना बांधतो.

पूर्वार्ध वाईट जातो. समोरच्या संघाचा डावा विंगर कॉलेजचा पोरगा आहे, हलका, आणि त्याला कळलंय की आमच्या उजव्या कोपऱ्यात एक माणूस अजून फौंड्रीतून पूर्ण आलेला नाही. दोनदा तो बाहेरून जातो. तिसऱ्यांदा आतून येतो, पाय उघडतो, आणि बॉल काकींच्या पोराच्या हाताखालून जाळीत. पेपरवाले याला "मैदानी गोल" म्हणतात. गॅलरी जे म्हणते ते छापत नाहीत.

"राइट बॅकला कामावर पाठवा परत!" मागून कुणीतरी ओरडतं. आपल्याच तालमीचा आवाज आहे. परक्यांच्या शिव्यांना इथं कुणी भीक घालत नाही, माणूस घायाळ होतो तो घरच्यांमुळं.

पण फौंड्रीतल्या माणसाच्या खांद्यात काय असतं हे उत्तरार्धात दिसतं. आमचं थ्रो-इन आहे, त्यांच्या कॉर्नर फ्लॅगपासून पंधरा पावलांवर. पोरगं जर्सीला हात पुसतं, बॉल पुसतं, दोन पावलं मागं जातं आणि तिथून हातानं असा बॉल फेकतं की तो सरळ गोलच्या तोंडावर. त्यांचा गोलकीपर बाहेर यावं की थांबावं या विचारात असतानाच आमच्या सेंटर फॉरवर्डच्या कपाळाला बॉल लागतो. "लागतो" हाच शब्द बरोबर आहे, कारण त्यानं तो मारल्याचं त्यालाही पटलेलं नाही. एक-एक. काकी पदर काढतात आणि विचारतात, "कुणी घातला?"

शेवटची दहा मिनिटं राइट बॅकच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेत. तो खाली बसतो, मामा बाहेरून ओरडतात, "बसू नगंस, चालत ऱ्हा!" आणि तो खरंच चालत राहतो, त्या विंगरच्या वाटेत आडवा. सामना संपतो. गुण एक. पोरगं नळावर हातपाय धुतं, मोबाइल बघतं आणि म्हणतं, "रात्रपाळीला बोलावल्यात. अर्ध्या दिवसाचं भरून काढाय."

या गटात बहुतेक जण असेच आहेत. एक जण गोकुळ शिरगावला लेथवर, एक जण वडिलांबरोबर गुजरीत, दोघं कॉलेजात, एक जण पोलीस भरतीची तयारी करतो आणि म्हणून कधीच दमत नाही. वरच्या काही संघांत परगावचे खेळाडू येतात, परदेशीसुद्धा, नायजेरियाचे वगैरे. हंगामापुरती खोली, जेवण, मानधन. त्यांच्यामुळं खेळ सुधारला असं म्हणणारे आहेत आणि पोरांची जागा गेली असं म्हणणारेही. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे आणि भांडण दुसऱ्याच गोष्टीवर व्हायला पाहिजे. आफ्रिकेतल्या खेळाडूच्या पायात बॉल आला की गॅलरीतून ज्या हाका येतात त्या ऐकून मान खाली जाते. त्यानं गोल घातला की तेच लोक त्याला खांद्यावर घेऊन "आपला भाव" म्हणतात. दोन्ही वेळा तो सारखंच हसतो. त्या हसण्यात त्याला मराठी किती कळते याचा अंदाज येतो.

आम्हाला हा प्रश्नच नाही. आमच्याकडं परदेशी आणायला पैसे नाहीत आणि गारगोटीचा आणायलाही नाहीत.

पैशांचं दर्शन घ्यायचं तर संध्याकाळी तालमीत यावं. आत्ता साडेसात झालेत. मारुतीला दिवा लागलाय, वजनांच्या कोपऱ्यात दोन पोरं घाम गाळताहेत, आणि मधल्या सतरंजीवर खजिनदार आप्पा पावतीपुस्तक उघडून बसलेत. शंभराच्या पावत्या आहेत. समोर यादी: पेठेतले दुकानदार, दोन डॉक्टर, एक बिल्डर. बिल्डर जर्सी देतो, म्हणून जर्सीच्या छातीवर त्याच्या अपार्टमेंटचं नाव आहे. पाठीवर नंबर आणि त्याखाली माजी नगरसेवक. बाहीवर चहाची पावडर.

"तालमीचं नाव कुठं हाय?" मी विचारतो.

"कॉलरच्या आतल्या बाजूला," आप्पा गंभीरपणे सांगतात.

मामा तिथंच भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळताहेत. विषय निघतो तो लीगचा आणि चषकांचा. लीगच्या आगेमागे इथं चषकांचा सुकाळ असतो: अटल चषक, सतेज चषक, राजेश चषक, चंद्रकांत चषक. नावांवरून कुठला चषक कुणाच्या बाजूचा हे पोरांना पाठ आहे, पण पोरं बघतात बक्षिसाची रक्कम. बाद फेरीत दोन सामने मारले की चार पैसे दिसतात. लीगमध्ये सात सामने खेळून दिसतो तो तक्ता.

"मग लीगला एवढा जीव का काढायचा?" एक तरुण पोरगा विचारतो.

मामा तेलाची वाटी खाली ठेवतात. "चषकात एक दिवस पंच चुकला, एक दिवस पोस्टला लागून बॉल आत गेला, की तू फायनलला. लीगमध्ये सात वेळा पोस्टला लागून कुणाचा आत जाईत न्हाई."

माझंही मत तेच आहे. चषक बघायला मजा येते, संघ मात्र लीगमध्ये कळतो. कोण सहाव्या सामन्यालाही सकाळी सहाला गांधी मैदानावर येतं आणि कोण फक्त चारच्या सामन्याचा फोटो असला तर येतं, हे फेब्रुवारी-मार्चमध्येच दिसतं. गांधी मैदान हे मूळचं वरुणतीर्थ तळं, शाहू स्टेडियमही तसंच, रावणेश्वराचं तळं बुजवून झालेलं. कोल्हापूरनं तळी बुजवली आणि मैदानं केली. पावसाळ्यात वरुणतीर्थ आपली जागा परत मागतं आणि गांधी मैदानावर पाणी साचतं, म्हणून फुटबॉलचा सगळा जीव पाऊस गेल्यापासून वळवाच्या सरी येईपर्यंतच्या महिन्यांत गोळा झालेला.

मधले सामने भराभर जातात. पाचवा हरतो. सहावाही हरतो, तोही पेनल्टीवर, आणि ती पेनल्टी होती की नव्हती यावर टपरीवर तीन दिवस चर्चासत्र चालतं. एक माणूस चहाच्या ग्लासांनी डीची आखणी करून दाखवतो. पंच त्याच टपरीवर रोज चहा पितात, पण त्या तीन दिवसांत दिसत नाहीत.

एका संध्याकाळी मी चारचा सामना बघायला थांबतो. वरच्या आठातला, शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ. हा सामना कुणाला वर्णन करून सांगावा लागत नाही, पंचगंगेपर्यंत ऐकू येतो. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही, आसपासच्या इमारतींच्या गच्च्यांवर माणसं, खाली बंदोबस्ताचे पोलीस मैदानाकडं पाठ करून गॅलरीकडं तोंड करून उभे. सगळ्यांत जवळून सामना चुकतो तो त्यांचा. शेजारी बसलेला शाळकरी पोरगा मला सांगतो की अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून खेळला. मला माहीत आहे हे त्याला सांगत नाही. वर्ल्ड कपाच्या वर्षी याच गल्ल्यांत मेस्सी आणि नेमारचे कटआउट लागतात, ब्राझील आणि अर्जेंटिनाची वाटणी पेठापेठांत होते. एका दगडापायी हा सामना थोडा वेळ थांबतो, पुन्हा सुरू होतो. खेळ सुंदर आहे, पण थरार आपला नाही असं वाटून मी मध्येच उठतो. ज्या संघाचा आप्पांशी, काकींशी, शिरोलीच्या गेटपासशी संबंध नाही त्याचा गोल नुसता गोल असतो.

आणि आता शेवटचा दिवस.

हिशेब आप्पांनी पावतीच्या मागं लिहिलाय. सहा सामन्यांत एक जिंकलो, दोन बरोबरीत, तीन हरलो. गुण पाच. आमच्या खाली चार गुणांवर एक उपनगरातला संघ. दोघांतला एक राहणार, एक जाणार. दीडला आमचा सामना. चारला त्यांचा, आणि त्यांची गाठ आमच्या शेजारच्या तालमीशी.

दीडच्या सामन्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. दोन्ही संघांना हरायचं नाही, त्यामुळं बॉल बहुतेक वेळ हवेत. गोलशून्य बरोबरी. गुण सहा. उपनगरवाले हरले किंवा बरोबरीत राहिले तर आम्ही वाचलो. जिंकले तर त्यांचे सात.

म्हणून सव्वातीनला आमचा अख्खा संघ घामेजल्या जर्सीतच गॅलरीत येऊन बसतो. कुणी घरी जात नाही. कुणी अंघोळीलाही जात नाही. भडंगाच्या पुड्या फिरतात. आणि हळूहळू प्रत्येकाच्या लक्षात येतं की पुढचा दीड तास आपल्याला शेजारच्या तालमीच्या नावानं ओरडायचंय.

ही शेजारची तालीम म्हणजे गेल्या गणपतीत मिरवणुकीच्या क्रमावरून जिच्याशी हमरीतुमरी झाली ती. आमच्या लेफ्ट हाफला हंगामाच्या तोंडावर फोडायला बघितलं ती. तिच्या सेक्रेटरीशी आप्पा चार वर्षं बोलत नाहीत. त्यांचे पाठीराखे पलीकडं बसलेत, आमच्याकडं बघून हसताहेत. एक जण मुद्दाम ओरडतो, "काय आप्पा, आज कुणीकडं?"

आप्पा भडंग चावत आभाळाकडं बघतात.

सामना सुरू होतो. शेजाऱ्यांना या सामन्यात काही मिळवायचं नाही, त्यांची जागा पक्की आहे. ते फिरायला आल्यासारखे खेळताहेत. उपनगरवाले जिवावर उदार. विसाव्या मिनिटाला कॉर्नर, गर्दी, कुणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल आत. एक-शून्य. पलीकडं त्यांचे लोक नाचताहेत, अलीकडं आम्ही सोळा जण एकदम गप्प.

"खेळा की रं!" मामा उठतात. आवाज फाटलाय. "शेजारधर्म तरी पाळा!"

गॅलरी हसते. शेजाऱ्यांचा कॅप्टन मैदानातून वर बघतो, मामांना ओळखतो. एके काळी त्याला लाथ कशी मारायची ते मामांनीच पेटाळ्यावर शिकवलेलं आहे. तो हात जोडतो. चेष्टेनं की खरंच, इथून कळत नाही.

हाफ टाइमला आमचा दहा नंबर पाण्याचा कॅन उचलतो, गॅलरी उतरतो आणि शेजाऱ्यांच्या बेंचवर नेऊन ठेवतो. कुणी सांगितलेलं नाही. आप्पा ते बघतात आणि म्हणतात, "कॅन आपला हाय. परत आणायचा."

उत्तरार्धात आम्ही लाज सोडतो. आधी राइट बॅक टाळ्या वाजवतो, मग काकी. मग सगळेच. शेजाऱ्यांच्या तालमीची आरोळी आम्हाला पाठ आहे, इतकी वर्षं ती ऐकून दात खाल्लेत. आज तीच आरोळी आमच्या बाजूनं उठते आणि पलीकडचे त्यांचे पाठीराखे क्षणभर गोंधळतात, मग तेही उचलून धरतात. हलगीवाला दोन्ही बाजूंकडं बघतो आणि बिचारा मधोमध येऊन उभा राहतो. फक्त आमचे एक आजोबा, तालमीचे सगळ्यांत जुने मल्ल, हाताची घडी घालून बसलेत. "मी न्हाई वाजवणार," ते म्हणतात. "गेलो खाली तर जाऊ."

घड्याळ सरकतंय. उपनगरवाल्यांचा गोलकीपर प्रत्येक गोल किकला जर्सी नीट करतोय, बॉल पुन्हा ठेवतोय. पंच त्याला पिवळं कार्ड दाखवतात. मी त्या पोराला दोष देत नाही. त्याच्या जागी काकींचं पोरगं असतं तर आम्ही त्याला अजून हळू खेळ म्हणालो असतो. त्या संघाचीही गॅलरीत एक काकी असेलच.

शेवटची पाच मिनिटं. शेजाऱ्यांचा कॅप्टन, तोच, मधल्या रेषेवर बॉल घेतो. इतका वेळ तो चालत होता, आता पळतो. एक माणूस मागं, दुसरा मागं. डीच्या आत त्याला पाठीमागून पाय लागतो. तो पडतो. पंचांचा हात पेनल्टीच्या ठिपक्याकडं.

ही पेनल्टी होती का? टपरीवरच्या माणसानं चहाचे ग्लास मांडले तर बहुधा नव्हती. उपनगरवाले पंचांना घेरतात, त्यांचा मॅनेजर मैदानात येतो, चौथा पंच त्याला बाहेर काढतो. दोन आठवड्यांपूर्वी असंच आम्ही घेरलं होतं. आज आम्हाला पंचांचा निर्णय अतिशय योग्य वाटतोय.

कॅप्टन बॉल ठेवतो. काकी पदर तोंडावर घेतात. मी त्यांना म्हणतो, "काकी, आज आपलं पोरगं गोलात न्हाई, बघा की." त्या पदराआडून म्हणतात, "कुणाचं तरी हायच की."

डावा कोपरा, खाली. एक-एक.

यानंतर जे होतं ते गणपतीतल्या मिरवणुकीच्या क्रमावरून भांडलेल्या दोन तालमींना शोभणारं नाही. आमचा राइट बॅक पायऱ्यांवरून उड्या टाकत पलीकडं पोचलाय आणि ज्यानं आप्पांना डिवचलं होतं त्याच्याच गळ्यात पडलाय. कुणीतरी गुलाल काढतो, कुणी आणि कशासाठी आणला होता देव जाणे. आजोबांनी टाळी वाजवलेली नाही, पण हाताची घडी सुटलीय.

उरलेली मिनिटं उपनगरवाले बॉल नुसते पुढं फेकत राहतात. शिट्टी होते. त्यांचे तीन-चार जण आडवे पडलेत. सहा आणि पाच. आम्ही सीनियरमध्ये, ते ए डिव्हिजनला. मामा गॅलरी उतरून आधी त्यांच्याकडं जातात, त्या गोलकीपरला हाताला धरून उठवतात, काहीतरी बोलतात. ते मी विचारत नाही आणि मामाही सांगत नाहीत.

गेटबाहेर शेजाऱ्यांचा सेक्रेटरी वाट अडवून उभा आहे. चार वर्षांनी तो आणि आप्पा समोरासमोर.

"गोल आमचा, वाचला तुम्ही," सेक्रेटरी म्हणतो. "कटवडा कुणाकडं?"

"आमच्याकडं," आप्पा म्हणतात, आणि मग सवयीनं, "पर अकराच माणसं धरणार. राखीव तुमचे तुम्ही बघा."

"आणि गणपतीत पुढं कोण?"

"ते गणपतीत बघू. आधी कॅन दे."

कॅन येतो. झाकण नसतं. त्यावरून पुन्हा आवाज चढू लागलेत. मामा मध्ये पडून पोरांना एका रांगेत उभं करतात, कारण जर्सी मोजून घ्यायच्या आहेत. परवा चषकाचा पहिला सामना, त्याची एन्ट्री फी उद्या अकराच्या आत भरायची, आणि धुवायला आजच टाकल्या नाहीत तर वाळायच्या नाहीत. आप्पा पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर रेघा मारत मोजताहेत. पंधरा होतात.

"नऊ नंबर कुठाय?"

"अंगात हाय की आप्पा, काढू काय हितंच?"

"काढ. बिल्डरची हाय."